ट्रकचं ऑइल बदलताना काय करायलाच पाहिजे आणि काय सोडलं तरी चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या भाऊंकडे दोन गाड्या. एक २०१२ ची दहाचाकी, वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळसा वाहते. दुसरी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) सहाचाकी, हिंगणघाटहून कापसाच्या गाठी आणि सरकी नेते. गॅरेजवाल्यानं ऑइल बदलायचं म्हणून जो कागद दिला त्यात फ्लशिंग (इंजिन आतून धुणं), ऑइलमध्ये टाकायची बाटली, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ग्रीसिंग, गिअर आणि क्राउनचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरांचं) ऑइल, सगळंच आहे. मेहुणे म्हणतात, ऑइल आणि फिल्टर टाका, बाकी लूट आहे. जुन्या गाडीचा ड्रायव्हर म्हणतो, रॉकेल टाकून इंजिन धुतल्याबिगर नव्या ऑइलचा काही फायदा नाही. आणि निघालेलं ऑइल मले द्या, गावात बैलगाडीले लागते. यातलं खरं काय?

मेहुणे बरेचसे बरोबर आहेत, पण "ऑइल आणि फिल्टर" म्हणताना त्यात दडलेली बारीक कामं त्यांनी मोजली नाहीत. गॅरेजवाल्याच्या कागदातली अर्धी कामंही खोटी नाहीत, फक्त ती ऑइलच्या तारखेला बांधायची नसतात. एखादं काम ठेवायचं की काढायचं, हे मी असं ठरवतो: हे नाही केलं तर काय बिघडेल, आणि ते बिघडलेलं पुन्हा जागेवर येईल का? ड्रेन नटाचं (ऑइल सोडायच्या खालच्या नटाचं) वायसर जुनंच ठेवलं तर थेंब गळेल, तो दिसेल, वायसर बदलता येईल. फिल्टरची जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला, तर गाडी गॅरेजमधून ठीकठाक निघते. रस्त्यात प्रेशरनं वरची रिंग सटकते, सगळं ऑइल डांबरावर सांडतं आणि ड्रायव्हरचं लक्ष प्रेशरच्या दिव्याकडे जाईपर्यंत बेरिंगं धरलेली असतात. दोन्ही कामं पाच-पाच मिनिटांचीच. एकात नुकसान फडक्यानं पुसून निघतं, दुसऱ्यात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बाहेर काढावा लागतो.

सुरुवात गरम ऑइलपासून. गाडी खेप करून आली की दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवायची आणि ऑइल कोमट-गरम असतानाच सोडायचं. डिझेल इंजिनात जळताना जी काजळी होते ती ऑइलमध्ये तरंगत ठेवणं हे ऑइलचंच काम आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की ती घाण चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाला बसू लागते, ऑइल घट्ट होतं, आणि सकाळी थंडीत सोडलं तर वरचं निघतं, तळचा गाळ राहतो. रात्रभर नट उघडा ठेवून शेवटचा थेंबही काढायचा, असं काही जण करतात. गरज नाही. गरम ऑइल वीस मिनिटांत निघायचं तेवढं निघून जातं. फिलरमधून (ऑइल भरायच्या तोंडातून) कॉम्प्रेसरची हवा मारून उरलेलं बाहेर काढण्याचा प्रकार तर करूच नये. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी असतं, ते थेट इंजिनात जातं. मात्र "गरम" म्हणजे नुकतंच घाट चढून आलेल्या गाडीचं ऑइल नव्हे. त्यानं मनगट भाजतं, आणि नट हातातून सुटून ऑइलच्या टोपल्यात पडतो तोही याच वेळी.

खाली जाण्याआधी चाकांना ठोकळे, चावी काढून खिशात, आणि कॅबिन उचलली असेल तर तिचा लॉक हातानं हलवून बघणे. हे ऑइलचं काम नाही म्हणून कोणी यादीत लिहीत नाही. मी लिहितो. गाडी सपाट जागेवर हवी, हेही इथंच. उतारावर उभ्या गाडीचं ऑइल पूर्ण निघत नाही आणि डिपही (ऑइलची पातळी बघायची पट्टी) खोटा दाखवतो.

ड्रेन नटाचं वायसर तांब्याचं असेल तर नवं टाका. नसेल मिळत, तर जुनं लालबुंद होईपर्यंत तापवून थंड करा. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट दबून बसतं. ॲल्युमिनियमच्या वायसरला हा उपाय लागू नाही, ते फेकायचंच. नट मात्र जोर लावून, पान्याला पाइप जोडून आवळू नका. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात आणि मग चेंबर उतरवावं लागतं. नटाच्या टोकाला चुंबक असेल तर ते आधी फडक्यावर पुसा आणि काय निघालं ते पाहा. राखेसारखा करडा लेप नेहमीचाच असतो. बोटाला टोचणारा कण लागला तर थांबून विचार करायचा.

आता फिल्टर. तो प्रत्येक वेळी बदलायचा, यात वाद नाही. नवं ऑइल टाकून जुना फिल्टर ठेवला तर त्यात अडकलेलं काळं ऑइल परत नव्यात मिसळतं; शिवाय फिल्टर गच्च भरला की त्याची बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल सरळ बेरिंगांकडे जातं. इंजिनाला ऑइल मिळत राहतं म्हणून प्रेशर बरोबर दिसतं आणि ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. जुना फिल्टर काढला की जुनी रिंग त्याच्यासोबत आली का ते पाहा, नसेल तर इंजिनाची बैठक हात फिरवून तपासा. नव्या रिंगला बोटानं ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत हातानं फिरवा, मग हातानंच पाऊण ते एक फेरा. पट्टापाना फक्त काढायला.

फिल्टर आधी ऑइलनं भरून लावायचा की कोरा, यावर गॅरेजांत भांडणं होतात. काही कंपन्यांचं पुस्तक भरा म्हणतं, काहींचं भरू नका म्हणतं. आपल्या इंजिनाचं पुस्तक जे सांगेल ते करावं. भरायचाच असेल तर एक गोष्ट पाळा: ऑइल कडेच्या बारीक भोकांतून ओता, मधल्या आट्यांच्या मोठ्या भोकातून नको. कडेच्या भोकांतून गेलेलं ऑइल कागदातून गाळून मगच इंजिनात जातं. मधलं भोक म्हणजे गाळून झालेल्या ऑइलची वाट. आपल्याकडे उघड्या मापात, धुळीत उभं राहून ओतलेलं ऑइल तिथून गेलं तर कचऱ्यासकट थेट बेरिंगात. मी मधल्या भोकाला हाताचा अंगठा लावूनच भरतो.

मी पोरांना जे काम सक्तीनं करायला लावतो ते कुठल्याच बिलावर नसतं: जुना फिल्टर कापून बघणे. हॅक्सॉनं नको, त्यानं स्वतःचाच बुरा पडतो; पत्रा कापायचा कटर वापरा. आतला कागद बाहेर काढायचा, निथळू द्यायचा आणि उन्हात उलगडून घड्या बघायच्या. काळा चिखल म्हणजे काजळी, ती असणारच. चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), रिंगा, कॅम किंवा गिअर. पिवळी-तांबूस चमक म्हणजे बुश किंवा बेरिंगचा खालचा थर उघडा पडला. चांदीसारखे मऊ पापुद्रे दिसले आणि चुंबकानं उचलले नाहीत, तर बेरिंगचा वरचा थर किंवा पिस्टन. असा फिल्टर पाहिला की मालकाला मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो आणि पुढची खेप नागपूरच्या पुढं लावू नका म्हणतो. इंजिन उघडायचं ते बंद पडायच्या आधी उघडलं तर बेरिंगांवर भागतं. बंद पडल्यावर क्रँक, कनेक्टिंग रॉड, कधी ब्लॉकसुद्धा जातो. दहा मिनिटांच्या या पाहणीवर आजवर एकाही गॅरेजनं पैसे लावल्याचं मी ऐकलं नाही, म्हणूनच बहुतेक ती होत नसावी.

निघालेल्या ऑइलकडेही असंच बघायचं. ते काळं आहे म्हणून खराब, हा समज सोडा. डिझेल इंजिनात नवं ऑइल टाकून गाडी चालू केली की ते लगेच काळं पडतं, कारण ते काजळी धरून ठेवतंय. उलट बरेच दिवस चालूनही स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलचा मला संशय येतो. बघायचं ते वेगळं. डिपवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं का? वाढलं तर त्यात डिझेल किंवा पाणी आलं आहे. डिझेलाचा वास येतो आणि ऑइल बोटांत पाण्यासारखं सुटतं. जुन्या गाडीत संशय पहिला फीड पंपावर आणि नोझलवर घ्यायचा. पाण्याचा संशय असेल तर थोडं ऑइल तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाका. तडतडलं तर पाणी आहे. ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर तेवढंही करायची गरज नाही, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर पाहा. फक्त एक लक्षात ठेवा: श्रावणात थोडं-थोडं चालणाऱ्या गाडीच्या फिलरच्या झाकणाला आतून पांढरी साय धरते, ती दमट हवेची असते. तेवढ्यावरून हेड उतरवू नका.

ड्रायव्हरच्या रॉकेलचा प्रकार जुना आहे आणि त्यामागचं तर्कट मला कळतं. पूर्वी साध्या ऑइलनं चेंबरात खरंच शाईसारखा गाळ बसायचा आणि तो धुवायची पद्धत होती. आताचं ऑइलच धुण्याचं काम चालता चालता करतं. रॉकेल किंवा डिझेल भरून इंजिन पाच मिनिटं चालवलं की त्या पाच मिनिटांत बेरिंगांना ऑइलचा थर मिळत नाही, धातूवर धातू घासतो. सोडताना ते सगळं निघतही नाही. कूलरमध्ये, नळ्यांत, कोपऱ्यांत राहतं आणि नवं ऑइल पहिल्या दिवसापासून पातळ करतं. दहा-बारा वर्षं झालेल्या इंजिनात आणखी एक धोका आहे: कुठंतरी घट्ट बसलेली पापडी सुटते आणि पंपाच्या जाळीत जाऊन अडकते. बाटलीतल्या फ्लशचंही मला तेच वाटतं. इंजिन खरंच घाण असेल, म्हणजे मागच्या मालकानं ऑइल बदललंच नाही असं झाकणाखाली बघून दिसत असेल, तर चांगलं ऑइल टाका, निम्म्या मुदतीत फिल्टरसकट बदला, पुन्हा टाका. दोन वेळच्या ऑइलात इंजिन हळूहळू स्वच्छ होतं आणि काही तुटत नाही. ऑइलमध्ये टाकायची वरची बाटली कागदावरून खोडून टाका. ऑइलच्या कंपनीनं तिच्या मिश्रणात जे घालायचं ते मोजून घातलेलं असतं.

कुठलं ऑइल, यात तुमच्या दोन गाड्यांचा खरा फरक आहे. जाडी दोन्हींना बहुधा १५डब्ल्यू-४० च लिहिलेली असेल. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर ४५-४६ अंशांच्या वर जातं म्हणून उन्हाळ्याला ५० नंबरचं जाड ऑइल टाकणारे आहेत. इंजिनातल्या ऑइलचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. बाहेर ३० असो की ४६, रेडिएटर साफ असेल तर ऑइल त्याच पट्ट्यात राहतं. जाड ऑइल टाकून उन्हाळा पार पडत नाही, फक्त सकाळी सेल्फ मारल्यावर ते वर टर्बोपर्यंत (इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्यापर्यंत) पोचायला जास्त वेळ लागतो. आणि आपली डिसेंबरची थंडी १५डब्ल्यूला काहीच नाही.

दर्जा मात्र नीट वाचा. जुन्या गाडीला एपीआय या अमेरिकन संस्थेचा सीएच-४ (१९९८ चा) किंवा सीआय-४ (२००२ चा) चालतो. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा डीपीएफ असतो. धरलेली काजळी तो जाळून टाकतो, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती कायमची आत बसते. म्हणून त्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. २०१६ साली आलेला सीके-४ दर्जा असा आहे, त्यात राखेची मर्यादा एक टक्का. जुन्या गाडीची उरलेली बादली नव्या गाडीत ओतली की लगेच काही होत नाही, आणि धोका नेमका तोच आहे. डीपीएफ हळूहळू भरत जातो आणि त्याची किंमत तुम्ही कितीही बादल्या वाचवल्या तरी भरून निघत नाही. उलटं केलं, म्हणजे सीके-४ जुन्या गाडीत टाकलं तर चालतं. दोन बादल्यांत घोळ होत असेल तर दोन्हींना एकच सीके-४ ठेवा आणि झोपा.

पंपावरच्या डिझेलाचाही इथं संबंध आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग. बीएस-४ ला ते पन्नास होतं आणि बीएस-३ ला साडेतीनशे. गंधक जळून ॲसिड होतं आणि ते मारता मारता ऑइल खर्ची पडतं. म्हणजे तुमच्या २०१२ च्या गाडीलाही आता पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ डिझेल मिळतंय, आणि "बापा, आम्ही तर आठ हजार किलोमीटरलेच ऑइल बदलतो" या ड्रायव्हर लोकांच्या सवयीमागचं एक मोठं कारण गेलं आहे. राहिली काजळी आणि धूळ. कोळशाच्या लाइनीवर ही दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

मुदत किलोमीटरवर मोजू नका, निदान त्या दहाचाकीची. खाणीच्या वजनकाट्यावर, रेल्वेच्या सायडिंगवर गाडी रांगेत तासन् तास चालू उभी असते. मीटर पुढं सरकत नाही आणि ऑइल म्हातारं होत राहतं. मंद चालणाऱ्या इंजिनात डिझेल नीट जळत नसल्यानं काजळी उलट जास्त होते. तासांचं मीटर असेल तर त्यावर जा. नसेल तर उभ्या चालू गाडीच्या एका तासाला मी चाळीस-पन्नास किलोमीटर धरतो आणि ते मीटरच्या आकड्यात मिळवतो. दिवसाला चार तास रांगेत जात असतील तर महिन्याचा हिशोब करून पाहा, मीटर कमी दाखवत असलं तरी ऑइल लवकर बदलायची वेळ येते हे दिसेल. नव्या गाडीचं पुस्तक फार लांबची मुदत सांगतं आणि हायवेवर, पुस्तकात लिहिलेल्याच ऑइलवर ती बरोबर आहे. वॉरंटी असेपर्यंत पुस्तकाच्या पलीकडे जाऊ नका. त्या गाडीत आणखी एक बघा: डीपीएफ साफ होत असल्याचा दिवा लागला असताना ड्रायव्हर गाडी बंद करतो का? काही इंजिनांत ही सफाई करायला सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल मारलं जातं, आणि सफाई वारंवार अर्धवट राहिली की ते लायनरवरून उतरून चेंबरात येतं. अशा गाडीचं ऑइल वाढलेलं दिसतं. तिथं ऑइल आधी बदलण्यापेक्षा ड्रायव्हरला दिवा समजावून सांगणं स्वस्त.

भरताना बादली संपवायची म्हणून भरू नका. पुस्तकातल्या मापापेक्षा दीड-दोन लिटर कमी टाका, गाडी चालू करून (कशी ते पुढं सांगतो) बंद करा, दहा मिनिटांनी डिप पाहा, मग लागेल तेवढं. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक त्यात फिरतो, फेस होतो, आणि फेसात हवा असते. हवेनं बेरिंग वाचत नाही. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वर चढून इंजिनातच जळायला लागलं, तर गाडी स्टॉपर (डिझेल तोडून इंजिन बंद करायचा खटका) ओढूनही बंद होत नाही असा प्रसंग येऊ शकतो. खुणेपेक्षा बोटभर कमी असलेलं ऑइल, बोटभर जास्त असलेल्यापेक्षा बरं.

नवं ऑइल टाकल्यावरची पहिलं अर्धं मिनिट मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच लोक घाई करतात. फिल्टर रिकामा, नळ्या रिकाम्या, टर्बोचं बेरिंग कोरडं. टर्बो मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. जुन्या गाडीला सोपं आहे: स्टॉपर ओढून धरा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, प्रेशरचा काटा हलला की सोडा आणि मग चालू करा. नव्या गाडीत चालू करून ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. पंधरा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद करून कारण शोधा. काही पोरं "ऑइल फिरू दे" म्हणून सुरुवातीलाच रेस देतात. फिरायच्या आधी टर्बोच फिरतो. प्रेशर आल्यावर पाच मिनिटं मंद चालू ठेवून खाली वाकून फिल्टर आणि नट पाहायचा, बंद करून पुन्हा डिप. एवढं झालं की ऑइल बदलण्याचं काम संपलं.

आता कागदावरची उरलेली नावं. एअर फिल्टर ऑइलसोबत बदलायचा नसतो, तो चोक झाल्याची खूण आली की बदलायचा. कॅबिनमागच्या डब्यावर लाल पट्टीचा इंडिकेटर असतो किंवा नव्या गाडीत दिवा येतो. मात्र दर ऑइलला तपासायचं ते दुसरंच: फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी. तिचा क्लिप ढिला असेल किंवा खालून रबर तडकलं असेल तर वर कितीही महाग फिल्टर लावा, कोळशाची आणि मुरमाची धूळ खालून जाते. त्या नळीत आत पांढरं फडकं फिरवा. धूळ लागली तर लायनर-पिस्टन खाल्ले जात आहेत. विदर्भातल्या गाड्यांची इंजिनं मी धुळीनं गेलेली जितकी पाहिली तितकी ऑइलनं गेलेली नाहीत. आणि फिल्टर रोज काढून कॉम्प्रेसरनं झाडणं बंद करा. जोराच्या हवेनं कागदाला न दिसणारी भोकं पडतात, शिवाय काढताना-घालताना धूळ आत पडते. आतला छोटा फिल्टर तर कधीच झाडायचा नसतो, बदलायचाच. फ्लशिंगचे पैसे या नळीवर आणि दोन चांगल्या क्लिपांवर घाला.

कापसाच्या गाडीला वेगळी बाधा आहे. जिनिंगच्या आवारात उभ्या गाडीच्या रेडिएटरवर आणि इंटरकूलरवर रुईचं बारीक तूस बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि गोधडीसारखा थर तयार होतो. गाडी गरम होते आणि दोष ऑइलला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हंगामात हा थर पंख्याच्या बाजूनं बाहेर, हळू दाबाच्या हवेनं काढत राहा. जोराच्या पाण्यानं फिन्स वाकतात.

डिझेल फिल्टर त्याच्या मुदतीला बदला; रोजचं काम आहे ते त्याखालच्या वाटीतलं पाणी सोडणं, पावसाळ्यात तर नक्कीच. जुन्या गाडीचा फिल्टर बदलला की हँड पंपानं एअर काढा, सेल्फ मारत बसू नका. गिअर आणि क्राउनचं ऑइल दर वेळी बदलायची काही गरज नाही, लेव्हल नटातून बोट घालून पाहिलं की झालं; पूर आलेल्या नाल्यातून गाडी काढली असेल तर मात्र तेही सोडून पाहा, ब्रीदरमधून पाणी गेलेलं असतं. ग्रीसिंगचे पैसे बिनधास्त द्या. किंगपिन, शॅकल पिना, प्रॉपेलरचे क्रॉस, स्लॅक ॲडजस्टर यांना ऑइलच्या मुदतीचीही वाट पाहायला लावू नये, कोळशाच्या गाडीला तर आठवड्याला ग्रीस हवं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत गन मारायची, आणि किंगपिनला मारताना पुढचा एक्सल जॅकवर उचलून, नाहीतर वजनाच्या बाजूला ग्रीस जातच नाही. गॅरेजवाला नुसत्या निपलांवर थापून बिल करत असेल तर ती लूट, एवढं मेहुण्यांचं खरं.

ऑइल घेताना बादलीचं सील आणि खरेदीचं बिल दोन्ही घ्या, आणि रिकामी बादली भंगारात देण्याआधी तळाला दोन भोकं पाडा, झाकण वेगळं फेका. चांगल्या कंपनीच्या अख्ख्या बादल्यांना भंगारात भाव का मिळतो, याचा विचार केला की नकली ऑइल कुठून येतं ते कळतं. फिल्टरचा खोकाही फाडून टाका.

राहिलं ड्रायव्हरचं मागणं. बैलगाडीच्या आसाला, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी, सेंट्रिंगच्या पाट्यांना हे जळकं ऑइल गावोगाव वापरतात हे मलाही माहीत आहे, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलं म्हणून कोणाला त्यात काही वाटत नाही. पण त्यात धातूचे कण आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची अशी द्रव्यं असतात जी कातडीला वर्षानुवर्षं लागली तर कॅन्सरचा धोका वाढवतात. म्हणून गॅरेजमध्येही काम झाल्यावर रॉकेलानं नाही, साबणानं हात धुवायचे आणि ऑइलचं फडकं खिशात ठेवायचं नाही. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हे ऑइल मान्यता असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला पाहिजे. दहाचाकीचं एका वेळी पंधरा-वीस लिटरच्या आसपास निघतं, ते झाकणाच्या ड्रमात साठवा, त्यात पाणी, रॉकेल, ब्रेक ऑइल मिसळू नका, आणि ड्रम भरला की गोळा करणाऱ्याकडून त्याचा मान्यतेचा कागद पाहून द्या. त्याचे पैसेही मिळतात. त्या पैशातून ड्रायव्हरला बैलगाडीसाठी ग्रीसचा एक डबा घेऊन द्या. आसाला ते ऑइलपेक्षा जास्त दिवस टिकतं.